बाबांची दोन बटणं

अर्धांगाच्या झटक्यानं बाबांची वाचा गेली. समज शाबूत होती, पण मान सतत लटलटायची, त्यामुळे होकार कुठला नि नकार कुठला हे कळेना. डावा हात तेवढा कामाचा राहिला. त्यांना उठवणं-बसवणं मीच करत होते, त्यांच्या कमरेला पट्टा बांधून. अशात पुण्याहून दादा आला, तो बाबांना घेऊन जायचं ठरवूनच.

मी म्हटलं, शक्य नाही. बाबा इथे कोलकात्यातच, बागबाजारात जन्मले, खिदिरपूरला कस्टममध्ये नोकरी केली, अजून माशाचा वास आला की डोळे उघडतात. असा माणूस पुण्यात काय करणार? दादानं त्यांचा हात हातात घेऊन विचारलं. "बघ, दाबला. हो म्हणतायत." मी विचारलं तेव्हाही त्यांनी दाबलाच, आणि मला तो स्वच्छ नकार वाटला. आम्ही दोघं हमरीतुमरीवर आलो, तेही त्यांच्या उशाशी.

मी शाळेत फिजिक्स शिकवते. म्हटलं, आता यंत्रच सांगेल. एका डब्याच्या झाकणावर दोन मोठी बटणं बसवली, हिरवं 'हो'चं, लाल 'नाही'चं. खाली छोटा सर्किट बोर्ड. बटण दाबलं की टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत शब्द उमटणार. आधी वायर टाकली होती, पण बाबांना कुशीवर वळवताना ती अंगाखाली जायची आणि एकदा तर मीच तिच्यात पाय अडकून पडता पडता वाचले. मग एस्प्लनेडजवळच्या चांदनीच्या बाजारातून वायरीशिवाय जोडणारं ब्लूटूथ मॉड्यूल आणलं. काडेपेटीहून लहान, त्यावर एक लाल दिवा.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर बसले. कॉम्प्युटरला मॉड्यूल दिसलं, त्यानं जोडणीचे गुप्त आकडे विचारले, मी दिले, 'जोडणी झाली' असं त्यानं जाहीरही केलं. पण मॉड्यूलचा दिवा आपला भराभर लुकलुकतोच आहे. मी त्याला चार शिव्या घातल्या. बऱ्याच वेळानं डोक्यात प्रकाश पडला: ही नुसती ओळख झाली. कॉम्प्युटर आपलं पोर्ट, म्हणजे बोलण्याचं दार, उघडत नाही तोवर बोलणं सुरू होत नाही. त्यातून त्यानं पोर्ट केली होती दोन, एक येणाऱ्यासाठी, एक जाणाऱ्यासाठी, आणि मी नेमकी चुकीच्या दाराशी बसले होते. दुसरं उघडल्यावर दिवा संथ झाला.

तरी शब्द येईना. बघते तर बोर्डाची बोलायची तार मी मॉड्यूलच्या बोलायच्याच पिनेला लावलेली. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडायचं असतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते.

"म्हणजे दोघंही बोलणार, ऐकणारं कुणी नाही," दादा मागून म्हणाला. "आपल्यासारखंच."

मला अजिबात हसू आलं नाही. तारा बदलल्या. झाकण बाबांच्या डाव्या हाताखाली ठेवलं, स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि कुठलं बटण कशाचं ते समजावलं. मग सरळ विचारलं, "बाबा, पुण्याला जायचंय?"

हो.

"बटण अडकलंय," मी म्हटलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. दादा डबा धरायला पुढे आला, याचाच मला जास्त राग आला. वायरी पुन्हा तपासल्या, बटणं स्वतः दाबून पाहिली. सगळं ठाकठीक. तरी खात्री नको?

"बाबा, मी तुमचीच मुलगी ना?"

हो.

"संध्याकाळी कारल्याची भाजी करू?"

नाही. तेही लगेच.

यंत्र बरोबर होतं. त्यांच्यापेक्षा मलाच त्यांचं मन जास्त कळतं, अशी माझी समजूत होती. आवाज सांभाळत मी विचारलं, "इथं तुम्हाला काही कमी पडतंय?"

नाही.

"मग? माझी दगदग होते म्हणून?"

बाबांनी अंगठा बटणावर ठेवला. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी दाबलं.

हो.

"काहीतरीच काय बाबा!" मी जवळजवळ ओरडलेच. "शाळा, घर, तुमचं सगळं. मला व्यवस्थित जमतंय."

यात प्रश्न कुठलाच नव्हता. मी डोळे पुसायला तोंड फिरवलं, तर दादानं माझ्या खांद्याला हात लावून स्क्रीन दाखवला. झटका आल्यापासून बाबा पहिल्यांदाच कुणी न विचारता बोलले होते.

नाही.

मी त्यांच्या हातावर डोकं टेकून रडले. रडून झाल्यावर दादाला म्हटलं, तिकिटं काढ.