आई मरियामातेले काय मांगते?

मित्रांनो, आज सकाळपासून माह्यं डोकं चालून नाही राह्यलं.

माहा लहान भाऊ मागच्या वर्षी आजारानं गेला. आम्ही घरी रोज रोझरी, म्हंजे मरियामातेची जपमाळ, म्हणत होतो, तरी गेला. तवापासून मी चर्च सोडलं, आईनं नाही सोडलं.

आज आईले यवतमाळच्या चर्चात घेऊन गेलतो. ती मरियामातेसमोर मेणबत्ती लावून शांत बसली. बाहेर आल्यावर मी विचारलंच, "आई, तिनं आपलं ऐकलं नाही. मंग तू तिले अजून काय मांगतं?"

"काही मांगत नाही बाबू. तिनंबी सोताचं पोरगं क्रुसावर मरताना पाह्यलं. तिच्याजवळ बसलं का मले काही सांगा लागत नाही."

जिच्यावर मी रुसलो, तिच्याच भरोशावर माही आई उभी आहे. हे कसं काय, कोणी समजावून सांगान का मले?