चुलीच्या विटा आणि हीट पंप

कुंदाबाईंनी आंगणातल्या चुलीची पहिली वीट उचलली तेव्हा मी त्यांना थांबवायला हवं होतं. उलट मीच म्हणालो, "मोडा बिनधास्त. आता हिचं काम संपलं."

मी चंद्रपूरच्या एका डीलरकडे फिटर आहे. आधी गीझर बसवायचो, आता हीट पंप. हे घर वडशाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात होतं. कुंदाबाईंचे यजमान गजाननभाऊ गावच्या तलावात मासे धरतात, थोडी धानाची शेतीही आहे. स्वयंपाक गॅसवर, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, तापायचं. त्याचं सरपण कुंदाबाई रानातून आणायच्या. यंदा त्याच रानात वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाने आईकडून वचन घेतलं, की लाकडांसाठी रानात जायचं नाही. आणि हा पंप पाठवला.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता बाहेर फेकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. वीज गीझरपेक्षा बरीच कमी लागते, पण काम सावकाश. टाकी रिकामी झाली की पुन्हा तापायला थंडीत चार-पाच तास जातात. समोरच्या जाळीतून पंखा थंड हवा बाहेर टाकत राहतो.

"म्हंजे पुढून फ्रिज, मागून चूल," गजाननभाऊ म्हणाले.

"तसंच समजा," मी म्हणालो.

साइट पाहताना मी एकच प्रश्न विचारला होता, घरात माणसं किती? ते म्हणाले, पाच. मी पाच माणसांची टाकी लावली. सगळं नियमाप्रमाणे.

पुढच्या आठवड्यात सकाळीच त्यांचा फोन आला.

"इंजिनेरभाऊ, आज आमच्या गावची मंडई हाये. पाहुने येऊन राह्यले. उद्या पहाटे साऱ्यायले गरम पानी पुरन ना?"

"किती पाहुने?"

"मोजले नाई. दोन जीपा उतरल्या, तिसरी येऊन राह्यली."

मी कपाळाला हात लावला. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि ते नाटक उजाडेपर्यंत चालतं. लेकी, जावई, व्याही सगळे मुक्कामाला येतात. पहाटे सगळे एकदमच घरी परततात, धुळीने माखलेले, थंडीने कुडकुडत. मी लहानपणापासून मामाच्या गावी मंडईला जातो. तरी साइटवर हे विचारायचं मला सुचलं नाही.

मोटरसायकलवरून जाता जाता मी ऑफिसला फोन लावला.

"बॅकअप कॉइल ऑन कर ना," सर म्हणाले. टाकीत एक साधा हीटरही असतो, त्याला कॉइल म्हणतात.

"सर, गावात नाटकाचा मंडप लागलाय. व्होल्टेज इतकं पडतं की लाइनला कॉइलचा लोड झेपणार नाही. पंप कसाबसा चालेल."

"मग कस्टमरने आधी सांगायला पाहिजे होतं."

"मी विचारायला पाहिजे होतं, सर."

त्यांनी फोन ठेवला.

मी पोचलो तेव्हा आंगणात चुलीच्या विटा भिंतीशी रचून ठेवलेल्या. गॅसवर पाहुण्यांच्या स्वयंपाकाची मोठी पातेली. शेजारची घरंही अशीच भरलेली. कुंदाबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"सांगा भाऊ, का करू? चूल मोडाले तुमीच सांगतलं. पहाटे जावयाले थंड्या पान्यानं आंग धुवाले सांगू? दुपारी दोन मोळ्या आनतो रानातून, अन् मांडतो चूल पुन्हा."

"पोराले का सांगशील?" गजाननभाऊ म्हणाले.

"तो का पाहून राह्यला इथी?"

वाघिणीचं नाव कोणीच घेतलं नाही, पण ती सगळ्यांच्या डोक्यात होती. कुंदाबाई रानात गेल्या असत्या तर माझ्या शब्दामुळे गेल्या असत्या.

मी टाकी, तास, माणसं अशी बोटांवर जुळवाजुळव केली. एकाच वेळी सगळ्यांना पाणी पुरणार नव्हतं. पण मध्ये रात्रभराचा वेळ मिळाला, तर टाकी दोनदा तापणार होती.

"अर्ध्या लोकांनी संध्याकाळीच आंघोळ केली तर जमन," मी चाचरत म्हणालो.

कुंदाबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "मंग काऊन रडून राह्यले? बायायले तसंबी नटूनथटूनच नाटकाले जा लागते. बाया सांजच्याले, मानसं पहाटे. जावई पयला."

संध्याकाळी साऱ्या बायकांच्या आंघोळी गरम पाण्याने झाल्या. टाकी रिकामी झाली. पंपाने पुन्हा सुरुवात केली, आणि दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात तो बंद पडला. पॅनलवर एरर.

मी धावत घरामागे पंपापाशी गेलो. पंख्याच्या जाळीला चिकटून बांबूचा भला मोठा टोपला उभा होता. वर ओला बारदाना, आत उद्याच्या जेवणाचे मासे. समोर मांजर बसलेलं.

"गजाननभाऊ! हे काय?"

"मासोऱ्या. सकाळलोक ताज्या राह्यल्या पायजे."

"इथी?"

"मी पुढून फ्रिज म्हटलं, त तूच म्हटलं ना गा, तसंच समजा!"

हवा अडली होती. आतल्या नळ्यांवर बर्फ जमला होता आणि मशीनने स्वतःला बंद करून घेतलं होतं. पाहुण्या बायका लुगडी सावरत हसत होत्या. त्यांचं बरोबर होतं. चूक टोपल्याची नव्हती, मी समजावून सांगितलं त्याची होती. टोपला दोन हात मागे घेतला, बर्फ वितळू दिला, पंप पुन्हा सुरू केला. हवा मोकळी झाली, आणि माशांना गारवाही लागत राहिला.

रात्री त्यांनी मला जाऊ दिलं नाही. नाटक पाहिलं, पण कथा विचारू नका. माझं सगळं लक्ष टाकीत होतं.

पहाटे जावईबापू न्हाणीतून बाहेर आले ते वाफाळतच. "मामाजी, पानी लय कडक हाये तुमचं!" त्यांच्यामागे बाकीचे. शेवटचा नंबर गजाननभाऊंचा. त्यांना कोमट मिळालं. घरच्या धन्याला तेवढं चालतं, असं कुंदाबाई म्हणाल्या.

आता साइट पाहताना मी घरात माणसं किती, असं विचारत नाही. मंडईला पाहुणे किती, असं विचारतो. आणि जाळीसमोर दोन हात जागा मोकळी ठेवायला सांगतो, कारण दाखवून.

त्या सकाळी निघताना मी घरामागे पंपाकडे एक चक्कर मारली. कुंदाबाईंनी चुलीच्या विटा पंख्यापासून बरोबर दोन हातांवर मांडल्या होत्या. वर टोपला ठेवलेला होता.