नाव न सांगण्याची अट

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की ऐंशीच्या दशकातील सौसरची एक सकाळ मला आठवते. मी तिथे शिक्षक होतो. माझ्या वर्गातील एका हुशार मुलीचे वडील वारले होते आणि तिची आई तिला शाळेतून काढून रामाकोन्याच्या संत्राबागेत मजुरीला पाठवणार होती. जकात, म्हणजे संपन्न मुसलमानाने दरवर्षी गरजूंसाठी काढावयाचा वाटा; मशिदीतर्फे तो पोहोचवणारे वृद्ध कापडव्यापारी मला सोबत घेऊन तिच्या दारी आले. हातगाडीवर नवी शिलाई मशीन होती. मुलीची आई मात्र दार अडवून उभी राहिली. "माह्या घरच्यानं जन्मभर जकात दिली, चाचा. आता मी घेऊ? आधी देनाऱ्याचं नाव सांगा." "नाव सांगाचं नाही, बेटी, हीच त्याची अट हाये." तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "गुरुजी, तुम्हाले तं मालूम असन?" मला खरोखरच ठाऊक नव्हते, तसे मी सांगितले. "म्हंजे बाजारात कोनासमोर मान खाली घालाचं काम नाही," असे म्हणून ती दारातून बाजूला झाली. "आना आत. पोरगी उद्या शाळेत येईन." देणारा कोण, हे मला आजही ठाऊक नाही, आणि विचारण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला आहे.