ठमाबाईने फेडलेली सावड

…आणि ठमाबाई महादेवरावांच्या वाडीत शिरली ती हातात कोयती घेऊनच. काल इथवर आलो होतो. पण काल ज्यांना डुलकी लागली त्यांच्यासाठी दोन पावलं मागे जातो.

साल चोपन्न. आगरदांड्याच्या अलीकडे आमचा गाव. तिथे ठमाबाईच्या नवऱ्याला, धर्माजीला, मुदतीचा ताप आला. स्वराज्याला सात वर्षं झाली होती, पण सरकारी दवाखान्यात खोकला, खरूज, ताप सगळ्यांवर एकच तांबडं औषध. तेही बाटली घरून नेली तर. म्हणून धर्माजीला विश्वंभर डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात ठेवला. मुंबईहून महागड्या गोळ्या आल्या, माणूस वाचला आणि बिल गेलं शंभरावर. ठमाबाई कनवटीला पहिला हप्ता बांधून गेली, तर डॉक्टर म्हणाले, "बिल फिटलं. कुणी फेडलं ते विचारू नकोस."

दुसरी बाई देवाला नारळ देऊन घरी गेली असती. ठमाबाई उंबऱ्यातच बसली. लावणी तोंडावर आलेली, आणि आमच्याकडे लावणी चालते सावडीवर: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. अंगावर कुणाची सावड बाकी असताना तिने जन्मात कुणाला आपल्या खाचरात बोलावलं नव्हतं.

"अवो डाक्टर, बिननावाच्या मानसाची सावड फेडू कुठं जाऊन?"

डॉक्टर हसले, पण नाव सांगेनात. इकडे भाताचं रोप पिवळं पडू लागलं. मग तिनेच अंदाज बांधला. चार पैसे बाळगून असलेली माणसं गावात दोनच: सुपारीच्या वाडीचे महादेवराव आणि शाळेतल्या कुमुदबाई.

तर ती वाडीत शिरली आणि रान साफ करू लागली. महादेवराव पंचा सावरत धावले.

"अगो ठमे, मी एक छदाम दिलेला नाही!"

"देनारा असंच बोलतो, भाऊ. सरका, पायावर कोयती पडंल."

दुसऱ्या दिवशी तिने कुमुदबाईंचं घर पुढून मागून सारवलं.

"विद्येची शपथ, ठमाबाई, मी नाही हो दिले!"

"खोटी शपथ कशापायी घेता, बाई? पोरं नापास व्हतील."

जितकं नाही म्हणावं तितकी तिची खात्री पक्की! आता फुकट राबवून घेतलेलं त्या दोघांनाही पचेना. ठमाबाईचं बिल तर फिटलेलंच, म्हणून महादेवराव गुपचूप दवाखान्यात गेले आणि गावातल्या सोनाबाईच्या बाळंतपणाची बाकी भरून आले. कुमुदबाईंनी कोंडाजीच्या मोडक्या हाताचे पैसे दिले. ठमाबाईला याचा पत्ताच नाही. कुणास ठाऊक, दोघांपैकी खरा कोण, म्हणून ती पुन्हा वाडीकडे निघालेली.

धर्माजीला मात्र राहवेना. रोप हातचं जाणार म्हणून तो काठीसारखा वाळलेला माणूस स्वतःच चिखलात उतरायला निघाला. त्याला अडवायला ठमाबाई अर्ध्या वाटेतून परतली, आणि डॉक्टरांना कळलं तसे तेही सायकल दामटत बांधावर आले.

"धर्माजी, मागे फीर! पुन्हा ताप उलटला तर माझ्याजवळ औषध नाही! आणि ठमाबाई, ऐक. बिल मीच सोडलं. वहीतलं तुझं पान फाडून टाकलं. त्या दोघांनी तुझ्यापायी एक पैसा दिलेला नाही. आता तरी चार माणसं बोलाव आणि लावणी उरक!"

ठमाबाईने कमरेवर हात ठेवले. दोन बोटं दुमडली, पुन्हा उघडली. आणि तिचा चेहरा असा खुलला की धर्माजीसुद्धा काठी टेकून बघत राहिला.

"मंग तर माजाच एकेक दिस निघतो त्यांच्यावर! उद्या सकाळी दोघांना माज्या खाचरात धाडून द्या, भाऊंना म्हनावं, सोता या न्हायतर एक गडी धाडा. आन् तुमचं देनं मी आजच फेडते, डाक्टर. चला, तुमच्या दवाखान्याची ओसरी मी सारवते; असे पोपडे ठेवून ती आजवर कोन सारवतं, त्या बाईचं तोंड मला एकदा बघायचंच हाय!"