सासूबाईंची पालथी वाटी

भुताखेतांना मी मानत नाही. आमच्या वांकिडी गावात कुणालाही विचारा. तिठ्यावर उतरवून टाकलेलं लिंबू उचलून घरी त्याचं सरबत करून प्यायलेली बाई आहे मी. तरुणपणी विहारात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकायचे, तीही मान अशी ताठ करून, जणू विज्ञान मीच शोधलंय... त्या मास्तरीणबाईचं आज मलाच हसू येतं.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला गेले. सुजाताला आठवा महिना, पोटात अन्न ठरेना, वजन उतरलेलं. डॉक्टरीणही काळजीत. तिला डोहाळा एकच — घरची गव्हाची खीर.

आमच्याकडे या खिरीत शेवटी वाळलेली मोहफुलं टाकतात. माझ्या सासूबाईंचा नेम असा, की गरोदर बाईला ही खीर द्यायची नाही, मोह उष्ण. पण तोंडानं नाही म्हणायच्या नाहीत. पंगतीत त्या बाईची वाटी पालथी घालून ठेवायच्या, बस्स. सुजाताच्या वेळी माझीही घातली. मी पडले बी.एस्सी.! त्यांची पाठ वळताच वाटी सुलटी केली आणि दोनदा घेतली. सुजाता गुटगुटीत झाली. ती रांगत होती तेव्हाच सासूबाई गेल्या. वाटीची गोष्ट मी लेकीला कधी सांगितली नव्हती.

मेलबर्नला मोहफुलं कुठली? दुकानातला दलिया, गूळ, दूध — एवढंच. दुपारची वेळ, जावई कामावर, घरात आम्ही दोघीच. खीर रटरटायला लागली, तशी सोफ्यावरून सुजाता म्हणाली, "आई, मोहफुलं आणली तू इथं? एअरपोर्टवर धरलं असतं ना तुले."

"नाही वं. काहीच नाही टाकलं."

"मंग वास कायचा येऊन राह्यला?"

चाखली... मोहच. तोच किंचित आंबूस, जिभेवर रेंगाळणारा गोडवा. म्हटलं, म्हातारपणी माझी जीभही माहेरी गेली! पण वास तर लेकीलाही आला होता.

टेबलावर दोन वाट्या मांडल्या आणि पातेलं आणायला वळले. परत आले, तर सुजाताच्या जागेवरची वाटी पालथी. माझी सुलटी. सुजाता सोफ्यावरच — पाय इतके सुजलेले, की हात दिल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं.

मी पातेलं टेबलावर ठेवलं, हात दिला, तिला टेबलाशी आणलं. तिनं विचारलं, "माही वाटी काऊन पालथी घातली?"

काय सांगू? पुरावा माग, हे मीच तिला शिकवलेलं. समोर उपाशी लेक, आणि मध्ये ती पालथी वाटी...

"खीर बुडाला लागली," म्हटलं आणि सगळी सिंकमध्ये ओतली. सुजाता चिडली, मग रडली. त्या दिवशी ती जेवलीच नाही. बाळ येईपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हतं — खीर टाकून चुकले, की टाकली म्हणून वाचलो?

नात ठणठणीत आहे. सुजातानं खीर खाल्ली असती तरी ठणठणीतच झाली असती. मी नव्हती का खाल्ली? हे सगळं मला कळतं. वाटी कुणी फिरवली, ते मात्र अजून कळलेलं नाही.

परवा सुजाताचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर नात, समोर तिनं स्वतः केलेली खीर. "आता तरी खाऊ देशील का?" तिनं चिडवलं.

मला हसायला हवं होतं. मी म्हटलं, "फोन जरा खाली धर. आधी वाटी दाखव."