भंगाराची वही

जाधवबाई बिघडलेला नमुना कधी फेकत नसत. परळच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत खिडकीपासून कपाटापर्यंत त्यांनी एक तार ओढली होती. थ्रीडी प्रिंटरमधून वाकडातिकडा निघालेला प्रत्येक तुकडा त्या तारेवर दोऱ्याने टांगलेला असे आणि त्याला चिठ्ठी बांधलेली असे. कुठे चुकलं, तापमान किती होतं, घाई कोणी केली, सगळं मराठीत. हेच पुन्हा सविस्तर एका वहीतही उतरे. पीएचडीसाठी आले त्या पहिल्याच दिवशी मी एक मोडका तुकडा कचऱ्यात टाकला, तर बाईंनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. "फेकतेस काय? बस त्याच्यासमोर आणि विचार, बाबा रे, तुला झालं काय?"

बाई नायगावच्या चाळीत वाढलेल्या. आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला, तेव्हा वर्गात मुलगी त्या एकट्याच. कॉलेजने मात्र त्यांना प्रयोगशाळा सहायक म्हणून घेतलं, म्हणजे काचसामान धुवायचं आणि कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या. प्रिंटर आला आणि महिन्याभरात बंद पडला. कंपनीचा माणूस नुसत्या तारखा देत राहिला, तेव्हा बाईंनीच तो उघडला. इंग्रजी माहितीपुस्तक त्यांना वाचता येईल का, असं कोणीतरी खवचटपणे विचारलं. बाई म्हणाल्या, "मशीन काय इंग्लिशमध्ये बिघडतं का?"

आमचं काम होतं कार्बन डायऑक्साइडपासून इथिलीन बनवण्याचं. ज्यापासून प्लास्टिक होतं, ते इथिलीन. प्रिंटरवर थरावर थर चढवून जाळीदार ठोकळा घडवायचा, त्याला तांब्याचा मुलामा द्यायचा, वीज सोडायची आणि भोकांतून वायू जाऊ द्यायचा. अडचण एकच होती. वायू एका बाजूने शिरायचा आणि काही घडायच्या आत दुसऱ्या बाजूने पसार व्हायचा. "ह्याला कोणी बस म्हणतच नाय," बाई म्हणायच्या. "दाराशी आला नि गेला, चहा पण न घेता."

एके दिवशी प्रिंटरचं तोंड हलवणारा पट्टा सरकत राहिला आणि प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा जरासा बाजूला बसला. सरळ भोकं तिरकी, वळणावळणाची झाली. प्रयोगशाळेचे प्रमुख आणि माझे मार्गदर्शक असलेल्या सरांनी तो ठोकळा बघून नाक मुरडलं.

"आधी लावून तर बघू, सर," बाई म्हणाल्या.

"बाई, हे सायन्स आहे," सर हसत म्हणाले आणि दिल्लीच्या बैठकीला निघून गेले.

बाईंनी तो ठोकळा माझ्याकडून यंत्रात बसवून घेतला. इथिलीन वाढलं. विश्वास बसेना म्हणून आम्ही तीनदा करून पाहिलं, तीनदा वाढलं. पुढचे दोन महिने बाई मुद्दाम पट्टा हलवून, थर किती सरकवला की वायू किती रेंगाळतो, ते शोधत राहिल्या. प्रत्येक नोंद वहीत आहे. मी शेजारी उभी होते. मला सगळं ठाऊक आहे.

पेटंटचा अर्ज झाला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं, तिसरं अशा एका बड्या प्राध्यापकांचं, ज्यांना आमची प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर आहे हेही माहीत नव्हतं. बाईंचं नाव नाही. बाईंनी रीतसर अर्ज दिला, म्हणून कमिटी बसली. बाईंनी वही टेबलावर ठेवली. एका सदस्याने ती दोन बोटांनी चाळली. "ही तर भंगाराची वही. आणि मराठीतल्या नोंदी आम्ही पुरावा कशा धरायच्या?" मुंबईत, परळमध्ये बसून हा प्रश्न! आजही आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

मग कमिटीने मला विचारलं, कल्पना कोणाची? समोर सर बसले होते. माझा प्रबंध त्यांच्या सहीवाचून अडला होता. मी म्हणाले, "टीमवर्क होतं."

बाईंनी वही उचलली आणि त्या निघून गेल्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाल-श्रीफळ झालं. सर भाषणात गहिवरून म्हणाले, "जाधवबाई म्हणजे आमच्या लॅबची आई!" बाई जागेवरूनच बोलल्या, "आई नाय सर, फिटर." लोक हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात टीव्हीवर सरांची मुलाखत लागली. तिरक्या भोकांची कल्पना त्यांना म्हणे माशांचे कल्ले पाहून सुचली! मी ताडकन उठले, कॉलेजच्या नावाने पत्र लिहिलं आणि नायगावला बाईंकडे गेले. त्यांनी पाणी दिलं, चष्मा लावला. मी वाचून दाखवलं, "या शोधात श्रीमती जाधव यांनी मोलाची मदत केली..."

"थांब." बाईंनी पत्र ओढून घेतलं आणि 'मदत' या शब्दावर काट मारली. "मदत मी तुझी केली. शोध मी लावला. नीट लिही."

मी पेन हातात घेतलं.

"आणि कमिटीपुढे तू काय बोललीस, ते पण लिही. त्याच्याशिवाय तुझा कागद कोण मानणार?"

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि समोर बसून राहिल्या. सरांवर आगपाखड करत मी तिथवर आले होते. पहिलं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. 'मी कमिटीसमोर खोटं बोलले.'