वरच्या सभागृहातला शेवटचा दिवस

सभागृहात जे बोललं जातं ते छापलं जातं. जे बोलता बोलता राहून जातं, ते आम्हा प्रतिवेदकांकडे साचतं! आमचं काम एवढंच: आळीपाळीनं सभागृहातल्या टेबलाशी बसायचं, शॉर्टहँडमध्ये शब्दन्‌शब्द उतरवायचा आणि पाळी संपली की खोलीत येऊन टाइप करायचा. इतकी वर्षं झाली, किश्श्यांचा नुसता ढीग झालाय. नंदनवनात आमच्या घरी मैत्रिणी चहाला जमल्या की म्हणतात, "सांग ना वं एखादा, हसवणारा!"

सांगते. पण नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस असा आहे, की त्यातलं काहीही सांगायला घेतलं तर हसू ओठापर्यंत येतं आणि तिथंच अडतं.

*

सकाळी प्रश्नोत्तरांचा तास होता. आमच्याच भागातले एक सदस्य, गुणवंतराव, उभे राहिले. मूळचे शाळामास्तर, सहा वर्षं वरच्या सभागृहात, म्हणजे विधान परिषदेत होते. त्यांच्या गावाची बस बंद झाली होती आणि पोरींचं कॉलेज सुटलं होतं.

"मंत्रिमहोदय, बस काहून बंद केली?"

मंत्री म्हणाले, "माहिती घेऊन सांगतो."

"मागच्या अधिवेशनातही माहिती घेऊनच सांगणार होते साहेब. ती माहिती आमच्या गावाहून बसनं तर येऊन नाही राहिली ना?"

सभागृहात हशा पिकला! बाकं वाजली. मंत्रीसुद्धा डोळे पुसत हसले. एकटे गुणवंतराव हसले नाहीत. हसू थांबायची वाट बघत ते तसेच उभे राहिले. ते थांबलं तोवर पुढचा प्रश्न पुकारला गेला होता.

*

मग शोकप्रस्ताव आला. आदल्या दिवशी एक माजी सदस्य वारले होते. भाषणं झाली, सगळे स्तब्ध उभे राहिले, मग सगळे बसले. एक म्हातारे सदस्य मात्र डोळे मिटून उभेच. कानाला यंत्र, हातात काठी. गेलेले गृहस्थ वर्षानुवर्षं त्यांच्याच शेजारी बसायचे.

शेजारच्या तरुण सदस्याला वाटलं, यांना ऐकू आलं नसेल. त्यानं बाही ओढली. "बसा आजोबा, झालं!"

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "ऐकू आलं. तुमचं झालं असेल."

*

दुपारी गुणवंतरावांनी बसचा विषय पुन्हा काढला. औचित्याचा मुद्दा म्हणून. या वेळी त्यांचा आवाज चढला होता.

"मीच भैताड, म्हणून एकच गोष्ट घडीघडी विचारून राहिलो!"

समोरून एक सदस्य ताडकन उठले. "सभापती महोदय, हा शब्द असंसदीय आहे!"

"अरे, पण मी मलेच म्हणून राहिलो ना गा!"

सभापती हसू दाबत म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी स्वतःबद्दलसुद्धा असं बोलू नये. शब्द कामकाजातून काढून टाकावा." झालं! बसची चर्चा राहिली बाजूला, सगळा वेळ त्या एका शब्दावर गेला.

माझे सहकारी ढोबळे मुंबईचे, दर हिवाळ्यात दोन स्वेटर घालून नागपूरला येणारे. टाइप करता करता त्यांनी मला विचारलं, "भैताड म्हणजे काय हो?"

"थोडा भोळा, थोडा मूर्ख. घरच्या माणसाला म्हणायचा शब्द."

"चांगला आहे हो," म्हणाले आणि हळहळत त्यांनी तो खोडला.

शब्द निघाला. बस काही निघाली नाही.

*

त्यानंतर गोंधळ झाला आणि सभागृह तहकूब झालं. नेमक्या तेव्हाच वर प्रेक्षक गॅलरीत प्रताप नगरच्या एका शाळेच्या मुली येऊन बसल्या. नव्या रिबिनी, हाताची घडी, एकदम शिस्तीत. खाली सगळी रिकामी बाकं.

एका मुलीनं दारावरच्या शिपाईकाकांना हळूच विचारलं, "काका, सभागृह कुठं आहे?"

"हेच तर आहे बेटा."

"मग बोलणारे?"

"चहाले गेले."

मुलींनी बराच वेळ वाट पाहिली. मग पासची वेळ संपली आणि त्या ओळीनं बाहेर पडल्या. शेवटची मुलगी दारातून मागं वळली आणि तिनं रिकाम्या बाकांना नमस्कार केला!

*

आमच्या कामातलं सगळ्यात वाईट सांगू? आम्हाला गोष्टीचा शेवट कळत नाही. पाळी संपली की वाक्याच्या मधूनच उठायचं, पुढचा माणूस येऊन बसतो.

कामकाज पुन्हा सुरू झालं तेव्हा एक सदस्य विनाअनुदान शाळेतल्या एका बाईंची हकीकत सांगत होते. सगळी नोकरी बिनपगारी. विद्यार्थी मोठे झाले, त्यांची पोरं त्याच वर्गात आली, तरी पगाराला मान्यता नाही. "आणि ज्या दिवशी मान्यतेचा आदेश शाळेत आला, त्या दिवशी त्या बाई..."

माझी पाळी संपली. ढोबळे बसले, मी उठले.

खोलीत टाइप करायला बसले, पण बोटं चालेनात. ढोबळे आले तशी मी दारातच विचारलं, "त्या बाईंचं काय झालं हो?"

ढोबळे वही टेबलावर ठेवत म्हणाले, "त्यांचा वेळ संपला. ते म्हणाले, 'असो.' आणि बसले."

*

संध्याकाळी निरोप समारंभ होता. गुणवंतरावांची मुदत संपत होती. पाळीसाठी आत जाताना गॅलरीच्या जिन्याशी मला नऊवारी नेसलेल्या एक काकू भेटल्या. दम खात उभ्या होत्या.

"गुणवंतराव माझे मालक," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत पयल्यांदा आली मी. हे घरी तं बोलतच नाही वं. म्हटलं, इथं तरी काय बोलते ते आयकावं."

मी त्यांना पहिल्या रांगेत बसवून दिलं आणि खाली येऊन टेबलाशी बसले.

गुणवंतराव उभे राहिले. वेळ संपली की सभापती घंटी वाजवतात, तो नियमच आहे. आणि गुणवंतरावांचं एकही भाषण सहा वर्षांत घंटीच्या आधी संपलं नव्हतं. म्हणून सभापती प्रेमानं म्हणाले, "आज घंटी नाही. मनात असेल ते सगळं बोला. कितीही वेळ."

 गुणवंतरावांनी वर गॅलरीकडं पाहिलं. मग सभापतींकडं.  माझी पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "महोदय, एक डाव वाजवा ना ती घंटी. तिच्याबिगर मले जमून नाही राहिलं."

सगळे हसले. सभापतीही हसले आणि गंमत म्हणून त्यांनी घंटी वाजवली.

गुणवंतरावांनी ती पूर्ण ऐकून घेतली. हात जोडले आणि खाली बसले.

वर काकू कठड्याला टेकून, कानामागं हात धरून, अजून ऐकत होत्या.